डिझेलची वही

आमच्या घरात तीन वह्या आहेत. एक दुधाची, दुसरी किराणा दुकानाची आणि तिसरी डिझेलची. पहिल्या दोन बहुतेक घरांत असतात. तिसरी आमच्याकडे एका बदगुमानीतून आली, आणि आता ती या घरातून जाईल असं वाटत नाही.

आमचा पिकअप आहे. बँकेच्या कर्जावर घेतलेला, हप्ता अजून चालू आहे. रत्नागिरीहून माल भरायचा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढायचा आणि मलकापूरवरून कोल्हापूर गाठायचं. आंब्याच्या दिवसांत पेट्या, इतर वेळी नारळ, सुपारी, कधी कुणाचं घरसामान. येताना भाजी किंवा गूळ. जाऊन-येऊन साधारण 270 किलोमीटर. हे स्वतः गाडी चालवायचे, पण कंबरदुखी सुरू झाल्यापासून मोहल्ल्यातला एक मुलगा ड्रायव्हर म्हणून ठेवला. वडील लहानपणीच वारले, घरी आई आणि दोन बहिणी. मुलगा शांत, फजरच्या नमाजनंतर गाडी काढायची असली तर आमच्याआधी दारात हजर.

पाऊस संपता संपता ह्यांची कुरकुर सुरू झाली. "डिझेल जास्त जातंय. आधी लिटरला बारा देणारी गाडी आता दहा देते." पहिल्या आठवड्यात ती कुरकुर होती, दुसऱ्या आठवड्यात संशय झाला. "पोरगा वाटेत डिझेल काढून विकत असणार. या धंद्यात सगळेच करतात." अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "डोळ्यांनी पाहिलंस का?" पाहिलं कुणीच नव्हतं. पण महिनाअखेरीला त्याचा हिशेब करून त्याला रजा द्यायची, इथपर्यंत गोष्ट आली होती.

गोष्ट लहान नव्हती. लिटरला बारा किलोमीटर मिळाले तर एका फेरीला साडेबावीस लिटर लागतात, दहा मिळाले तर सत्तावीस. फरक साडेचार लिटरचा. डिझेल नव्वद रुपये धरलं तर फेरीमागे 405 रुपये, आणि महिन्याच्या बारा फेऱ्या धरल्या तर 4,860. यात मुलांच्या ट्यूशनची फी निघते आणि घरचा गॅसही येतो. पण दुसऱ्या बाजूला एका विधवेच्या घरातला एकुलता एक पगार होता, आणि त्याहून मोठी त्या मुलाची इज्जत होती. चोर म्हणून एकदा नाव झालं की मोहल्ल्यात दुसरं काम कोण देणार?

टाकी ते टाकी

मी ह्यांना एवढंच म्हटलं, "पंधरा दिवस थांबा. त्यातल्या चार फेऱ्या तुम्ही स्वतः करा, आणि हिशेब मी ठेवते."

ॲव्हरेज काढण्याची खरी पद्धत सोपी आहे, पण बरेच जण ती करत नाहीत. कुणी काट्यावरून अंदाज बांधतो, कुणी "दोन हजारांचं टाकलं, इतकी चालली" असं सांगतो. काटा जागा बदलतो, दरही बदलतो, त्यामुळे दोन्ही अंदाज फसवे. टाकी पूर्ण भरायची आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायचा. गाडी नेहमीसारखी चालवायची. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरायची, शक्यतो त्याच पंपावर, कारण जमीन उताराची असेल किंवा नोझल वेगळं बंद होत असेल तर एक-दोन लिटर इकडेतिकडे होतात. दुसऱ्यांदा जितके लिटर बसले, त्याने मधल्या किलोमीटरना भागायचं. एका वेळेचा आकडा धरायचा नाही, तीन-चार वेळांची सरासरी घ्यायची. सोबत माल किती होता, घाट होता का, पाऊस होता का, हेही लिहायचं. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची तुलना केली तर निष्पाप माणूस चोर ठरतो.

आणखी एक खबरदारी. टायर बदलताना कंपनीच्या मापापेक्षा मोठे बसवले असतील तर मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो. गाडी तेवढीच चालते, पण ॲव्हरेज कागदावर पडलेलं दिसतं.

चार फेऱ्या ह्यांनी स्वतः केल्या. वहीत आकडे उतरले: दहा, दहाला थोडा कमी, दहा, दहा. आता डिझेल कोण चोरत होतं? हे वहीकडे बघत राहिले आणि काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली.

चोर सापडला तो चाकात

मिस्त्री जुना माणूस. त्याने आधी इंजिन उघडलं नाही. गाडी थोडी फिरवून आणली आणि चारही चाकांच्या डिस्कजवळ हात नेला. मागच्या उजव्या चाकाजवळ झळ लागत होती, बाकीची कोमट. मग जॅक लावून ते चाक हाताने फिरवलं. मोकळं फिरायला हवं होतं, ते अडखळत होतं. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती आणि ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता. कोकणातली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, केबल गंजायला आणखी काय लागतं? गाडी रोज हलका ब्रेक दाबलेल्या अवस्थेत आंबा घाट चढत होती.

दुसरा दोष इंजिनाच्या थंड पाण्याच्या वाटेवर निघाला. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला होता. अनेक ठिकाणी असं करतात. थर्मोस्टॅट म्हणजे एक छोटी झडप. इंजिन तापेपर्यंत ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही आणि इंजिन लवकर योग्य उष्णतेला पोचतं. ती काढली की इंजिन बराच वेळ थंडच राहतं. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहतं आणि खप वाढतो. गाडी गरम होत असेल तर रेडिएटरची जाळी, कूलंट, पंखा, पंप तपासायचे. झडप काढणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून देण्यासारखं झालं.

तिसरा दोष हवेचा. चार टायर, चार वेगळे प्रेशर. कमी हवेचा टायर जमिनीवर जास्त पसरतो, प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि उसळतो, आणि त्यात डिझेलची ताकद उष्णता होऊन वाया जाते. योग्य आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा दाराजवळच्या पट्टीवर असतो. पिकअपमध्ये पुढचा आणि मागचा आकडा वेगळा असतो, आणि भरलेल्या गाडीचा रिकाम्या गाडीपेक्षा वेगळा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची. चालून आलेला टायर गरम असतो आणि आकडा वाढलेला दाखवतो. लाथ मारून हवा ओळखणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, गेज ठेवावं.

याशिवाय मिस्त्रीने एअर फिल्टर बदलला आणि चाकांचं अलाइनमेंट बघायला सांगितलं. टायर एका बाजूने घासत असेल तर ते चाक सरळ धावत नाही, ओढलं जातं. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच टाकायचं. इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही, असं चढावर जाणवलं तर क्लच घसरतोय. काळा धूर येत असेल तर फिल्टर, इंजेक्टर किंवा टर्बोच्या पाइपची गळती यांपैकी काहीतरी आहे. काळा धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेलं, पण न जळलेलं डिझेल.

चालवणाऱ्याचा पाय

दुरुस्तीनंतर वहीतला आकडा पुन्हा बारावर आला. मग हे आणि तो मुलगा, दोघांनाही चुरस वाटू लागली की आणखी किती वाढतो. पुढचं सगळं गाडी चालवण्याच्या सवयीत होतं.

पहिली सवय वेगाची. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 60 वरून 80 वर गेलात तर तो पावणेदोन पटींहून थोडा जास्त होतो. पिकअपचं तोंड सपाट, मागे उंच माल, म्हणजे वाऱ्याला भिंतच मिळते. आता हिशेब करा. सपाट रस्त्याच्या 50 किलोमीटरना ताशी 60 ने 50 मिनिटं लागतात, 80 ने साडेसदतीस. वाचली साडेबारा मिनिटं, आणि तीसुद्धा रस्ता पूर्ण मोकळा असला तर. तेवढी मिनिटं पुढच्या चहाच्या टपरीवर जातात. इंधनबचतीचा प्रचार करणारा पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ वर्षानुवर्षं ताशी 45 ते 55 चा वेग सांगत आला आहे. महामार्गावर प्रत्येक वेळी ते जमत नाही, पण 60 च्या आसपास राहणं जमतं.

दुसरी सवय लांबवर बघण्याची. पुढे सिग्नल किंवा गुरं दिसली की आधीच ॲक्सिलरेटर सोडायचा. शेवटपर्यंत दाबत जाऊन कचकन ब्रेक मारला, तर डिझेल जाळून मिळवलेला वेग ब्रेकच्या लायनरमध्ये घासून टाकला असं होतं. सुटताना हळू वेग घ्यायचा, वरचा गिअर वेळेवर टाकायचा. मात्र घाटात वरच्या गिअरमध्ये इंजिन धडधडत ओढायला लावू नये. तिथे खालचा गिअरच स्वस्त पडतो.

तिसरी सवय उभ्या गाडीची. माल उतरवताना, चहा पिताना, फाटकाजवळ इंजिन चालू ठेवायचं काही कारण नाही. अर्ध्या-एक मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करावं. अपवाद एक आहे. भरल्या मालाने घाट चढून आल्यावर टर्बो तापलेला असतो. तेव्हा लगेच चावी न फिरवता मिनिटभर इंजिन संथ चालू द्यावं, म्हणजे ऑइल फिरून टर्बो निवतो.

2020 च्या एप्रिलपासून विकल्या गेलेल्या बीएस-6 गाड्यांसाठी आणखी एक गोष्ट. यांपैकी अनेक गाड्यांच्या धुराड्यात काजळी गाळणारी जाळी असते. ती भरली की इंजिन जास्त उष्णता देऊन काजळी जाळून टाकतं. तसा दिवा लागला असताना गाडी बंद करू नये, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ती चालू ठेवून ते काम पूर्ण होऊ द्यावं. नाहीतर जाळी तुंबते, ॲव्हरेज पडतं आणि खर्च मोठा येतो.

न्यूट्रलचा मोह

आंबा घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडून डिझेल वाचवणारे बहाद्दर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. आमच्या घरातही ही सवय होती, हे कबूल करते. त्यासाठी हे दोन गोष्टी ध्यानात घ्या.

एक, यात बचत नाही. आजच्या डिझेल गाड्यांमध्ये गिअर असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की संगणक इंजेक्टर बंद करतो. चाकं इंजिनाला फिरवत असतात, डिझेल जवळजवळ शून्य जातं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवण्यासाठी डिझेल जाळत राहतं. म्हणजे न्यूट्रल उलट महाग पडतं.

दोन, यात जीव जातो. न्यूट्रलमध्ये गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. भरलेल्या गाडीचे ब्रेक सतत दाबून तापतात आणि एका वळणावर पकडतच नाहीत. चावी बंद करून उतरणं तर त्याहून वाईट. ब्रेकला मिळणारी मदत संपते, पॉवर स्टिअरिंग जड होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढला, त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. दहा-वीस रुपयांसाठी घरी कुणीतरी वाट बघत राहावं, हा कसला हिशेब?

वजन, वारा आणि रिकामा हौदा

हौद्यात कायम पडलेल्या वस्तू एकदा खाली उतरवून बघा. आमच्या गाडीत तुटका जॅक, दोन जुन्या बॅटऱ्या, विटा, भिजून जड झालेले गोणपाट आणि कुणाचा तरी लोखंडी पाइप निघाला. हे सगळं रोज कोल्हापूरला जाऊन येत होतं. ताडपत्री फडफडणारी नको, घट्ट बांधलेली हवी. माल दोरीने उंच रचण्यापेक्षा सारखा पसरावा. रिकाम्या गाडीचा मागचा फाळका उघडा ठेवला की वारा निघून जातो आणि ॲव्हरेज वाढतं, असं काही जण मानतात. त्यात तथ्य नाही. फाळका बंद असतो तेव्हा हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि वरचा वारा त्यावरून सरकून जातो. शिवाय लोंबकळणारा फाळका मागच्या दुचाकीवाल्याच्या जिवावर उठतो.

जादा माल भरून "एका फेरीत दोन फेऱ्या" करण्याचा मोह सर्वांना होतो. इंजिन, टायर, ब्रेक, पाटे सगळ्यांचं आयुष्य त्यात जातं. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून जादा वजनाचा दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये आहे. एका दंडात कित्येक महिन्यांची बचत जाते.

खरी बचत परतीच्या मालात आहे. रिकामी गाडी कितीही सांभाळून आणली तरी ते डिझेल कमाईशिवाय जळतं. आता आम्ही निघण्याआधीच कोल्हापुरातल्या दोन-तीन व्यापाऱ्यांना फोन करतो. माल नसेल तर फेरी एक दिवस पुढे ढकलून ओळखीच्या दुसऱ्या गाडीवाल्याशी माल वाटून घेतो. मोहल्ल्यातले चार पिकअपवाले एकमेकांशी बोलले तरी महिन्याला कितीतरी रिकाम्या फेऱ्या वाचतात.

ऐकीव इलाज

डिझेलच्या पाइपला लावायचं चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, ॲव्हरेज दुप्पट करणारा डबा, यांवर पैसे घालू नका. इतकं सोपं असतं तर गाड्या बनवणाऱ्यांनीच ते कारखान्यात बसवलं असतं. रॉकेल मिसळणं हा तर गुन्हा आहे, आणि इंजेक्टर व पंपाची वाट लावणारा आहे. पहाटे थंडीत भरलं तर डिझेल जास्त मिळतं, हाही फारसा खरा समज नाही. पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान दिवसभरात फार बदलत नाही. पंपावर शून्य बघा, पावती घ्या. माप कमी वाटलं तर भांडण न करता पाच लिटरच्या मापात मोजून दाखवायला सांगा. ते प्रमाणित माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

वही घरच्यांनी लिहावी

हे सगळं केल्यावर आमचा आकडा आता तेराच्या आसपास आहे. दहाच्या तुलनेत फेरीला सव्वासहा लिटर वाचतात. बारा फेऱ्यांचे 75 लिटर, म्हणजे पावणेसात हजार रुपयांच्या आसपास. एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने महिन्याला जवळपास दोनशे किलो धूर कमी झाला. इसराफ म्हटलं की आपल्याला ताटातलं उष्टं अन्न आणि वाहता नळ आठवतो. अडकलेल्या ब्रेकशी झगडत जळणारं डिझेलही इसराफच आहे.

बायकांनी गाडीच्या कामात काय लक्ष घालायचं, असं कुणी म्हणेल. गाडीचा हप्ता घरखर्चातूनच जातो, तेव्हा वही घरात असायला हरकत काय? पाच रकाने पुरतात: तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये आणि माल. आमच्याकडे भागाकार आठवीतली मुलगी करते. आकडा सलग दोन-तीन वेळा दहा टक्क्यांहून जास्त पडला तर आधी हवा बघायची, मग चाकांना हात लावून बघायचा, मग फिल्टर, मग मिस्त्री. माणसावर संशय सगळ्यात शेवटी, आणि तोही पुरावा असेल तरच.

सूरह अल-हुजुरातमध्ये संशयापासून दूर राहण्याची ताकीद आहे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्याचा अर्थ आम्हाला एका गंजक्या केबलने शिकवला. त्या शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर हे त्या मुलाच्या घरी गेले. संशय कधी तोंडावर बोलून दाखवला नव्हता, गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण गेले, त्याच्या आईसमोर बसले आणि सगळं सांगून माफी मागितली. मुलगा खाली बघत म्हणाला, "चाचा, मला ठाऊक होतं. तुम्ही रोज काटा बघायचात. मी दुसरीकडे काम शोधायला लागलो होतो."

तो आजही आमच्याकडेच आहे. फेरी करून आला की आधी पावती माझ्या हातात देतो आणि विचारतो, "भाभी, आज किती?" तेराच्या वर असला की दोघा बापलेकींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगते. वाचलेल्या पैशातला थोडा भाग त्याच्या पगारात जातो, कारण त्या बचतीत त्याच्या पायाचाही हिस्सा आहे. अल्लाह सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो, आणि रस्त्यावर असलेल्या प्रत्येकाला सुखरूप घरी आणो.